चौथा स्क्रू

कादराबादेत मुनीर मिस्त्रीच्या दुकानात
कूलरचे मेलेले पंप टोपलीत असतात, कांद्यांसारखे.
मी कंपनीची, हे त्यानं माझ्या बुटांवरूनच ओळखलं.
"तुमचाच हाय," म्हणत एक हातात दिला.

निळा. गुळगुळीत. कुठं सांधा नाही.
माझंच ड्रॉइंग, रिव्हिजन सी.
त्या गुळगुळीतपणाला मीटिंगमध्ये
टाळ्या पडल्या होत्या, वर समोसे.

त्यानं करवत काढली.
"याला दार नाही ठिवलं तुम्ही, बाई.
चोरासारखं भिंत फोडून शिरावं लागतं."
निळा भुसा पडत राहिला त्याच्या लुंगीवर.

आत सगळं ठीक.
तांबं चकाकत होतं, वेटोळ्यावर वेटोळं.
झिजलं होतं एक बुश,
करंगळीच्या नखाएवढं,
दोन रुपयांचं.
"एवढ्यासाठी मेला," तो म्हणाला. दुःखानं नाही,
वजन सांगावं तसं.

मग फळीवरनं एक ओतीव पंप उतरवला.
अंबडच्या सुभद्रा शिंपिणीचा, त्याच्या बापाच्या काळातला.
दर चैत्रात माहेरवाशिणीसारखा येतो,
चार दिवस राहतो,
सायकलच्या ट्यूबचा नवा वॉशर लेवून सासरी जातो.
चार स्क्रू.
चारींच्या खाचा उघडून उघडून रुंद झालेल्या.

परत येताना भट्ट्यांवरचं आभाळ तांबडं होतं.
जालना, सोन्याचा पाळणा, म्हणतात लोक.
इथं ट्रकांनी भंगार येतं, वितळतं, सळई होऊन निघतं,
आणि मला वाटायचं, झालं की वर्तुळ पुरं.
पण बाळंतपण महाग असतं,
कितीतरी गावांची वीज पिऊन एक रात्र उजाडते.
आणि आमच्या निळ्या प्लास्टिकला तर तो पाळणाही नाही,
त्याचा नुसता धूर.
ताप आलेल्या माणसाला
कुणी पुनर्जन्म सुचवतं का?

रिव्हिजन डी.
चार स्क्रू, एकाच मापाचे, कुठल्याही दुकानात मिळतील असे.
वायर चिकटवलेली नाही, खोचलेली.
झाकणाच्या आतल्या बाजूला, उठावात, बुशाचं माप,
म्हणजे उद्या कंपनी नसली
तरी बोटाला वाचता येईल.

लाहोटी साहेबांनी कॅल्क्युलेटर जवळ ओढला.
"एक रुपया चाळीस पैसे. गुणिले दोन लाख."
मग चष्मा काढून, अगदी मायेनं,
"आणि दुरुस्त झाला तर नवा कोण घेईल, पोरी?"
मी म्हटलं, बुश आपण विकू. वॉशर आपण विकू.
दहा वर्षं त्याच घरात आपलं नाव राहील.
भिंतीतला कूलर घरघरत राहिला, आमचाच,
कुणीतरी त्याला लाथ मारली, तो गप झाला.
"तीन," साहेब म्हणाले. "तीन स्क्रूत बसव."

तीनात बसवलं.
चौथ्या कोपऱ्यात खांब तेवढा ठेवला, भोक नसलेला.
ड्रॉइंगमध्ये कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

पहिला नमुना घेऊन कादराबादेत गेले.
चहा यायच्या आत त्यानं उघडला, मिटला, पुन्हा उघडला.
उठावावरनं बोट फिरवलं. माप पुटपुटला.
मग चौथ्या कोपऱ्याशी थांबला.
"हितं?"
"तिथं पुढच्या वर्षी."

तो काही बोलला नाही.
ड्रिल घेतलं, खांबाच्या बरोबर मधोमध भोक पाडलं,
बिस्किटाच्या डब्यात हात घालून
कुठल्यातरी मेलेल्या मशिनीचा एक स्क्रू शोधला,
आणि पिळला, शेवटपर्यंत.

निळ्यावर तीन चकचकीत ठिपके
आणि एक गंजलेला.
"आता हालणार नाही," म्हणाला,
आणि माझा चहा बशीत ओतून
अर्धा स्वतः प्यायला.